आधी माणसं गेली, मग तेल

मागच्या महिन्यात कच्च्या तेलाच्या भावावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त जणांनी एकाच देशाबद्दल विचारलंय, व्हेनेझुएला. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय, फक्त शेवटचं पत्र सौदीचं आहे. मी अर्थशास्त्र शिकवलेलं नाही. माझी नोकरी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका रिफायनरीच्या लॅबमध्ये झाली, क्रूडचे नमुने तपासण्यात. त्यामुळे उत्तरं बाटलीच्या बाजूने येतील, ग्राफच्या बाजूने कमी.

प्रश्न : ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. जगातला सर्वांत मोठा तेलसाठा व्हेनेझुएलात आहे, सुमारे ३०० अब्ज बॅरल, असं आम्ही पाठ करतो. मग त्याच देशातून ७७ लाख लोक बाहेर कसे पडले? तेलाचे भाव पडले एवढं कारण लिहिलं तर चालेल का?
— एक विद्यार्थी, संगमनेर

मार्क मिळतील, पण उत्तर अर्धंच होईल. जून २०१४ मध्ये तेल बॅरलला शंभर डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली आलं. हा फटका कुवेतला बसला, सौदीला बसला, नॉर्वेलाही बसला. नॉर्वेतून कोणी पोरंबाळं घेऊन चालत निघालं नाही. तेव्हा भाव हे निमित्त झालं. घर आतून आधीच पोखरलेलं होतं.

आधी त्या ३०० अब्जांचं बघू. यातला बहुतेक साठा ओरिनोको नदीच्या पट्ट्यात आहे आणि ते तेल अतिजड आहे. तिकडचं ‘मेरेय’ नावाचं मिश्रण आमच्याकडे यायचं, म्हणजे हलकं तेल मिसळून बऱ्यापैकी पातळ केलेलं. तरीही थंडीतल्या सकाळी नमुन्याची बाटली तिरपी केली तर ते जागचं हलायचं नाही. गरम पाण्यात ठेवून, वाट बघून, मग मापात घ्यायचं. गंधक भरपूर, व्हॅनेडियम हा धातू इतका की रिफायनरीतल्या प्रक्रियेला वेग देणाऱ्या कॅटॅलिस्टची वाट लागते. असं क्रूड घ्यायला फार थोड्या रिफायनऱ्या तयार असतात आणि घेतात त्या भाव पाडून घेतात. शिवाय मूळ तेल पाइपातून वाहायलाच त्यात नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं पातळ द्रव्य, मिसळावा लागतो. नाफ्था बाहेरून आणायचा तर आधी डॉलर लागतात. साठ्याचा आकडा परीक्षेला ठीक आहे, त्यावर पगार होत नाहीत.

आता उत्पन्न. किती बॅरल काढले आणि काय भावाने विकले, एवढ्यावर हिशेब संपत नाही. व्हेनेझुएलाने चीनकडून ५० अब्ज डॉलरच्या वर कर्ज उचललं होतं आणि त्याची फेड तेलातून चालली होती. क्यूबाला आणि कॅरिबियनमधल्या छोट्या देशांना सवलतीत तेल जात होतं. देशात पेट्रोल जवळजवळ फुकट होतं. हे सगळं वजा करून जे तेल रोख पैशाला विकलं जायचं, त्यावर देशाची आयात चालायची. निर्यातीच्या कमाईतले शंभरातले पंच्याण्णव डॉलर तेलाचे. भाव शंभरवर असतानाच ऋण काढून सण चालला होता, भाव पंचवीस-तीसवर आल्यावर काय झालं असेल ते तूच बघ.

पण माझ्या मते खरी सुरुवात याच्या बारा वर्षं आधीची आहे आणि परीक्षेच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकतात. एप्रिल २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी टीव्हीवरच्या आपल्या रविवारच्या कार्यक्रमात सरकारी तेल कंपनी ‘पेदेवेसा’च्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावं वाचली आणि रेफरीसारखी शिट्टी फुंकून त्यांना बडतर्फ केलं. त्यानंतर बंडाचा प्रयत्न झाला, तो फसला. डिसेंबरमध्ये कंपनीत मोठा संप झाला, तो फेब्रुवारी २००३ पर्यंत चालला. संप मोडल्यावर सुमारे १८ हजार लोकांना घरी पाठवलं, म्हणजे कंपनीतली जवळपास निम्मी माणसं. कोण होती ही? भूगर्भतज्ज्ञ, ड्रिलिंगवाले, रिफायनरीतले शिफ्ट इंजिनिअर, माझ्यासारखे लॅबवाले. संपात राजकारण होतं हे खरंच आहे, सरकारला पाडायचाच तो डाव होता. पण वीस-वीस वर्षं एकाच विहिरीवर काम केलेला माणूस गेला की त्याच्याबरोबर त्या विहिरीचा स्वभावही जातो. तो कुठल्या फाइलीत लिहिलेला नसतो.

ही माणसं बसून राहिली नाहीत. कॅनडात कॅलगरीला गेली, कारण तिथलं अल्बर्टाचं तेलही असंच जड. मेक्सिकोत गेली, आखातात गेली. बरीच शेजारच्या कोलंबियात गेली आणि पुढच्या दहा वर्षांत कोलंबियाचं जड तेलाचं उत्पादन चांगलंच वाढलं, त्यात यांचा मोठा हात होता. म्हणजे व्हेनेझुएलाचं पहिलं मोठं स्थलांतर तेलाचे पैसे आटल्यामुळे झालेलंच नाही. उलट त्या जाण्यामुळे पुढे तेल आटलं.

ते लगेच दिसलं नाही, कारण २००४ पासून भाव चढत गेले आणि २००८ मध्ये १४७ डॉलरला टेकले. भाव चढा असला की कंपनीचं गबाळेपण झाकून जातं. देखभालीचा पैसा घरबांधणीला, धान्यवाटपाला, निवडणुकीला वळवला तरी तिजोरीत भर दिसतेच. लॅबमध्ये बसणाऱ्याला मात्र ते आधी कळतं. कार्गोच्या कागदावर पाणी आणि मिठाचा एक आकडा, बाटलीत दुसराच. ऑगस्ट २०१२ मध्ये अमुआय रिफायनरीत गॅसगळतीने स्फोट झाला, चाळीसच्या वर माणसं मेली. तेव्हा तेल शंभर डॉलरच्या आसपास होतं, हे लक्षात ठेव.

नव्वदीच्या अखेरीला देश दिवसाला ३० लाख बॅरलच्या वर काढायचा. २०१५ च्या सुमाराला २५ लाखांच्या आत आला. २०१७ च्या अखेरीस पेदेवेसावर नॅशनल गार्डचा एक जनरल नेमला, त्याला तेलधंद्याचा अनुभव शून्य. त्यानंतर पगारात पोट भरेना म्हणून कामगार बूट आणि हेल्मेट विकून निघून गेले. २०२० च्या मध्याला उत्पादन चार लाखांच्या आसपास होतं.

उत्तर लिहिताना हा क्रम लिही : आधी माणसं गेली, मग तेल गेलं, मग उरलेली माणसं गेली.

प्रश्न : तिकडच्या नोटांवरच्या शून्यांच्या बातम्या वाचून डोकं गरगरतं. पण घर चालवणाऱ्या बाईने त्या दिवसांत केलं काय? महागाई म्हणजे तिला नेमकं काय दिसत होतं?
— एक वाचक, नाशिक

आधी रांग दिसत होती. तेलाचे डॉलर आले की धान्य, औषधं, साबण सगळं बाहेरून आणायचं, ही त्या देशाची कित्येक दशकांची सवय. बाहेरचा माल सरकारने ठरवलेल्या स्वस्त दराच्या डॉलरमुळे कमी किमतीत पडायचा, मग देशात पिकवून कोणाला परवडणार? त्यात सरकारने मक्याच्या पिठापासून कोंबडीपर्यंत भाव ठरवून दिले, तेही उत्पादनखर्चाच्या खाली. कारखानदाराने हात वर केले. तेलाचे पैसे आटल्यावर सरकारने कर्जाचे हप्ते भरले आणि आयात कापली. २०१२ ते २०१७ या काळात आयात जवळजवळ एक-पंचमांशावर आली. घरातल्या बाईपर्यंत तेलाच्या भावाची बातमी पोहोचते ती अशी, दुकानाच्या रिकाम्या फळीवरून.

रांगेला लागायचा वार ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्यावर ठरायचा. तुमचा आकडा सोमवारचा असेल आणि पीठ मंगळवारी आलं, तर तुमचं नशीब. त्यांचं रोजचं खाणं अरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाची आपल्या भाकरीपेक्षा जाड, हाताएवढी चानकी. ते पीठच मिळेना. तिथल्या विद्यापीठांनी मिळून केलेल्या पाहणीत २०१७ या एका वर्षात लोकांचं वजन सरासरी ११ किलोंनी घटल्याचं आढळलं. गरिबांना सरकारी खोके मिळायचे, त्यात तांदूळ, पास्ता, डाळ, तेल, पिठाची पाकिटं. पण खोकं कोणाला आणि कधी मिळणार, हे वस्तीतल्या पक्षाच्या माणसांच्या हाती.

नोटांचं म्हणाल तर ऑगस्ट २०१८ मध्ये राजधानी काराकासमध्ये काढलेला एक फोटो जगभर छापून आला होता. साधारण अडीच किलोची सोललेली कोंबडी आणि शेजारी नोटांच्या गड्ड्या. किंमत १ कोटी ४६ लाख बोलिव्हार. डॉलरमध्ये दोनच्या थोडं वर! त्याच महिन्यात सरकारने चलनावरची पाच शून्यं उडवली. त्याआधी २००८ मध्ये तीन उडवली होती, नंतर २०२१ मध्ये सहा. म्हणजे तेरा वर्षांत एकूण चौदा.

तुम्हाला आपली नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आठवत असेल. व्हेनेझुएलाने महिन्याभरात तोच प्रयोग केला. ११ डिसेंबरला सर्वांत मोठी, म्हणजे १०० बोलिव्हारची नोट बाद जाहीर केली आणि लोकांना तीन दिवस दिले. नव्या नोटांची विमानं आलीच नव्हती. नाताळच्या तोंडावर दुकानं लुटली गेली, निर्णय पुढे ढकलावा लागला. आणि ती ‘सर्वांत मोठी’ नोट तरी केवढ्याची? काळ्या बाजारात दोन-तीन अमेरिकी सेंटची. पुढे जुन्या नोटांच्या घड्या घालून विणलेल्या पर्स सरहद्दीपलीकडे कोलंबियातल्या कुकुता शहरात रस्त्यावर विकायला आल्या. नोटेपेक्षा पर्सला जास्त पैसे मिळायचे.

२०१९ पासून सरकारने डोळेझाक केली आणि दुकानांत उघडपणे डॉलर चालू लागला. बाहेर गेलेला मुलगा पैसे पाठवतो ते घर तगलं. ज्यांचं कोणी बाहेर नव्हतं, त्यांना डॉलरच्या दुकानात काच बघून परतावं लागायचं. अशा वेळी घरात पुढचा विचार एकच येतो, आता कोणाला पाठवायचं.

प्रश्न : एवढी माणसं गेली कशी आणि कुठे? शेजारच्या देशांनी त्यांना घेतलं कसं?
— एक वाचक, कोल्हापूर

ज्याच्या खिशात जेवढं, तेवढ्या लांब आणि तेवढ्या आरामात, असा सरळ हिशेब दिसतो. पहिल्यांदा पैसेवाले मायामीला आणि माद्रिदला गेले. मायामीजवळच्या डोराल गावात इतके व्हेनेझुएलन झाले की लोक त्याला गंमतीने डोरालझुएला म्हणतात. मग ज्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तुगाल, इटली, स्पेनमधून पोट भरायला व्हेनेझुएलात आले होते, त्यांनी ट्रंकेतून जुने जन्मदाखले काढले. पोर्तुगालच्या मादेइरा बेटावर आणि स्पेनच्या कॅनरी बेटांवर नातवंडं परत गेली. हे दाखले सापडणं म्हणजे त्या काळात लॉटरीच.

मधल्या वर्गाचं विमान मधल्यामध्ये अडकलं. सरकारने परदेशी विमान कंपन्यांचे तिकिटांचे पैसे बोलिव्हारमध्ये अडकवून ठेवले होते, अब्जावधी डॉलर. २०१४ पासून कंपन्या एकेक करून निघाल्या. लुफ्थान्साने जून २०१६ मध्ये काराकासची सेवा थांबवली. याच काराकासला १९७६ ते १९८२ दरम्यान पॅरिसहून काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान यायचं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या तेजीत मायामीच्या दुकानांत व्हेनेझुएलन गिऱ्हाइकांना ‘स्वस्त आहे, दोन द्या’ या नावानेच ओळखायचे! तर आता विमान नाही म्हणून डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर बसने निघाले. काराकास ते पेरूची राजधानी लिमा, आठवडाभराचा प्रवास.

आणि २०१७-१८ पासून ज्यांच्याकडे बसचंही भाडं नव्हतं ते पायी निघाले. ताचिरा नदीवरचा सिमोन बोलिव्हार पूल ओलांडला की कोलंबियातलं कुकुता. तिथून पांप्लोना, पुढे बेर्लिन नावाचं पठार, तीन हजार मीटरच्या वर. समुद्रसपाटीच्या उकाड्यातून आलेली माणसं, पायात चपला, अंगात बनियन आणि रात्रीचं तापमान शून्याच्या आसपास. रस्त्याकडेच्या काही बायकांनी आपल्या घराच्या पडवीत त्यांना रात्री झोपू दिलं, गरम पेज-पाणी दिलं. पुढे बुकारामांगा, मग बोगोता, आणि तिथे काम मिळालं नाही तर एक्वाडोर, पेरू. २०२३ मध्ये तर पनामाच्या दारिएन जंगलातून पाच लाखांच्या वर माणसं अमेरिकेच्या दिशेने गेली, त्यांत तीन लाखांहून जास्त व्हेनेझुएलन होते.

कोलंबियाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण त्यांचं मला कौतुक वाटतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लाखो कोलंबियन लोक आपल्या देशातल्या हिंसाचाराला आणि गरिबीला कंटाळून व्हेनेझुएलात गेले होते, घरकामाला, शेतमजुरीला, बांधकामावर. ऑगस्ट २०१५ मध्ये चावेझनंतरचे राष्ट्राध्यक्ष निकोलास मादुरो यांच्या सरकारने सरहद्द बंद केली आणि अशा हजारो कोलंबियनांना हुसकावलं. लोक फ्रीज आणि गाद्या डोक्यावर घेऊन नदीतून चालत आले. घर फिरलं की वासेही फिरतात, तसं. त्यानंतर उलटा लोंढा आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोलंबियाने व्हेनेझुएलन लोकांना दहा वर्षांचं संरक्षण आणि कामाचा परवाना द्यायचं जाहीर केलं. तिथे २८ लाखांच्या आसपास माणसं आहेत. पेरूत दीड दशलक्षाच्या आसपास. पेरूने आधी दार उघडं ठेवलं, २०१८ मध्ये पासपोर्ट मागायला सुरुवात केली, २०१९ मध्ये व्हिसा. आणि व्हेनेझुएलात पासपोर्टची छपाईच कागदावाचून अडलेली! लिमात रोष आहे, भांडणं आहेत, गुन्ह्यांचं खापर फोडलं जातं. त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे आपल्याकडच्या परप्रांतीयांवरच्या वादासारखंच. त्यात मी शिरत नाही.

प्रश्न : तुम्ही सगळा दोष तिथल्या सरकारला देता. अमेरिकेने निर्बंध लादले नसते तर एवढं झालं असतं का?
— निवृत्त बँक अधिकारी, पुणे

साहेब, तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने व्हेनेझुएलाला नवं कर्ज मिळण्यावर बंदी घातली. तेलावरचे निर्बंध जानेवारी २०१९ चे. रांगा, वजन घटणं, डॉक्टरांचं जाणं हे २०१५-१६ मध्येच जोरात होतं आणि तेलाचं उत्पादन जानेवारी २०१९ पर्यंत निम्म्यावर आलेलं होतं. बहुतेक पाप घरचं, या मतावर मी ठाम आहे.

पण निर्बंधांनी दुष्काळात तेरावा महिना आणला, हेही तितकंच खरं. वर नाफ्थ्याचं सांगितलं ना, तो अमेरिकेहून यायचा. तो बंद झाल्यावर ओरिनोकोचं तेल जमिनीतून वर आलं तरी पाइपात अडकून बसायचं. ग्राहक गेले, टँकर मिळेनात, जे घ्यायचे ते आडमार्गाने आणि मोठी सूट मागून. मार्च २०१९ मध्ये गुरी धरणाच्या वीज यंत्रणेत बिघाड झाला आणि बहुतेक देश कित्येक दिवस अंधारात गेला, तो मात्र वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचा प्रताप. निर्बंधांमुळे सत्तेवरची माणसं हलली नाहीत. ज्यांच्याकडे बाहेर जायला पैसे नव्हते ती माणसं आणखी पिचली. बाहेर पडणाऱ्यांचा आकडा २०१९ नंतरही चढतच राहिला, याचा थोडा वाटा वॉशिंग्टनच्या पदरात टाकायला माझी हरकत नाही.

प्रश्न : पेट्रोल खरंच फुकट होतं का हो?
— एक रिक्षाचालक, सांगली

जवळजवळ. टाकी भरून एका पाण्याच्या बाटलीचेही पैसे होत नसत. फेब्रुवारी १९८९ मध्ये सरकारने पेट्रोल महाग केलं, बसभाडं वाढलं आणि काराकासमध्ये दंगल उसळली, शेकडो लोक मेले. त्या धसक्याने पुढची कित्येक वर्षं दराला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. नव्वदीत ठरलेला दर २०१६ पर्यंत तसाच राहिला. साहजिकच पेट्रोल कॅनमध्ये भरून कोलंबियात पळवायचा धंदा जोरात, कुकुताच्या रस्त्याकडेला पिंपं मांडून विकायला बसलेली माणसं नेहमीचीच. २०२० मध्ये व्हेनेझुएलाच्या रिफायनऱ्या बंद पडल्या आणि तेच कॅन भरून उलट्या दिशेने जाऊ लागले. त्या मे महिन्यात इराणहून पेट्रोलची जहाजं मागवावी लागली.

प्रश्न : यात भारताचं काय बुडालं?
— एक वाचक, ठाणे

माणसं बुडाली नाहीत, पैसे अडकले. निर्बंधांआधी भारत हा व्हेनेझुएलाचा रोखीने पैसे देणारा मोठा ग्राहक होता, दिवसाला तीन-चार लाख बॅरल यायचे. जड तेल पचवू शकणाऱ्या आपल्या रिफायनऱ्यांना ते स्वस्तात मिळायचं. ओएनजीसी विदेशची तिथल्या सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्रात २००८ पासून ४० टक्के भागीदारी आहे, तिचा लाभांश वर्षानुवर्षं थकला, ५० कोटी डॉलरच्या वर. तो तेलाच्या रूपाने वळता करून घ्यायची खटपट चालू राहिली.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ आठ वर्षं सौदीत दम्मामला एका बांधकाम कंपनीत फोरमन आहे. तेलाचे भाव पडल्याचं ऐकलं की घरात आई घाबरते. सौदीचं व्हेनेझुएला होईल का? त्याने नोकरी सोडून आताच गावी यावं का?
— एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी

आईंना सांगा, व्हेनेझुएला होणार नाही. सौदीचं तेल काढायला स्वस्त, वाहायला सोपं. तिथली सरकारी तेल कंपनी अरामको, तिच्यातल्या जाणत्या माणसांना कोणी शिट्टी फुंकून घालवलेलं नाही. २०१४ मध्ये त्यांच्या गंगाजळीत ७०० अब्ज डॉलरच्या वर होते. त्यातले दोन-अडीचशे अब्ज पुढच्या तीन वर्षांत उपसले, पण रियाल डॉलरला ३.७५ वरच राहिला. व्हेनेझुएलाचा अशा दिवसांसाठीचा निधी भाव पडण्याआधीच जवळपास रिकामा होता.

पण तुमच्या काळजीला कारण आहे. सौदीत तेलाचे पैसे आटले की सौदी माणूस देश सोडत नाही, तुमचा भाऊ सोडतो. २०१५ मध्ये सौदीची तूट सुमारे ९८ अब्ज डॉलर होती. सरकारने कंत्राटदारांची बिलं थांबवली, कंत्राटदाराने पगार थांबवले. २०१६ च्या उन्हाळ्यात जेद्दाच्या लेबर कॅम्पांत हजारो भारतीय कामगार पगाराविना, शेवटी जेवणाविनाही अडकले. वकिलातीला शिधा पाठवावा लागला, दिल्लीहून राज्यमंत्री गेले. त्यांतले बरेच जण कित्येक महिन्यांचा पगार तिथेच सोडून आले. तुमच्या तालुक्यात अशी घरं असतील, विचारून बघा.

मग २०१७ पासून कुटुंबावर फी आली. बायको-मुलांपैकी प्रत्येकामागे महिन्याला १०० रियाल, दर वर्षी शंभरने वाढत २०२० मध्ये ४००. बायको आणि दोन मुलं असतील तर वर्षाला १४,४०० रियाल, तेही इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नूतनीकरणाच्या वेळी आगाऊ. लोकांनी बायका-मुलांना गावी पाठवलं आणि स्वतः बॅचलर खोलीत राहायला गेले. खेड, मंडणगड, म्हसळ्याच्या शाळांत तेव्हा मधल्याच इयत्तेत नाव घालायला आलेली मुलं त्यातलीच. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत दहा लाखांहून जास्त परदेशी कामगार सौदीतून बाहेर पडले.

म्हणून भावाने तेलाच्या भावाकडे बघत बसू नये, स्वतःच्या पगाराच्या तारखेकडे बघावं. कंपनीचं काम सरकारी प्रकल्पाचं आहे की खासगी, हे त्याला माहीत असेलच. सरकारी असेल आणि बिलं अडली असतील तर साइटवर आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग सबकॉन्ट्रॅक्टरची माणसं दिसेनाशी होतात, मग पगार दहा-पंधरा दिवस पुढे जातो. एक महिना पूर्ण थकला की दुसऱ्याची वाट बघू नये. पगार बँकेतून जमा होतो, तेव्हा स्टेटमेंट हाच पुरावा. त्याची, कराराची, इकाम्याची आणि पासपोर्टची प्रत आत्ताच तुमच्या मोबाइलवर मागवून ठेवा. तक्रार तिथल्या लेबर ऑफिसात करायची आणि परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवरही नोंदवायची, ती तुम्हाला खेडमध्ये बसूनही नोंदवता येते.

आणि घाबरून राजीनामा मुळीच नको. सौदी कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यावर जी रक्कम मिळते, ती पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे अर्धा महिना आणि त्यापुढे वर्षामागे पूर्ण महिन्याचा पगार अशी मोजतात. आठ वर्षांचे साडेपाच पगार होतात. पण स्वतःहून राजीनामा दिला तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला त्याचा दोन-तृतीयांशच मिळतो, दहा झाली की पूर्ण. कंपनीने काढलं तर आजच पूर्ण साडेपाच. फायनल एक्झिटच्या, म्हणजे देश कायमचा सोडण्याच्या, कागदावर सही करताना ही रक्कम खात्यात आली आहे का, एवढं आधी बघायला सांगा. ‘मागून पाठवतो’ असं म्हणाले तर सही करू नये.